अनोळखी मांजर : एका जुन्या मैत्रीची गोष्ट

दिवेलागणीची वेळ आहे. गोठ्यातली कामे उरकून तुम्ही ओसरीवर येऊन टेकला आहात. एवढ्यात समोरच्या भिंतीवर एक मांजर दिसते. ते आपल्या घरचे नाही, शेजारच्यांचेही नाही. कुठून आले, कुणाचे आहे, काही पत्ता नाही. ते तुमच्याकडे पाहते आहे आणि तुम्ही त्याच्याकडे. आता तुम्ही काय कराल?

आपल्याकडे या प्रश्नाची दोन उत्तरे ठरलेली आहेत. मोठी माणसे 'शुक शुक' करून त्याला हाकलतात. लहान मुले 'मनी, मनी' करीत त्याच्या अंगावर धावतात आणि उचलायला बघतात. एकाच्या मनात राग असतो, दुसऱ्याच्या मनात माया असते. पण मांजराच्या दृष्टीने दोन्ही सारखेच. दोन्ही वेळा ते भिंतीपलीकडे उडी टाकते आणि दिसेनासे होते.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा मांजराचे ते काय घेऊन बसलात? इतिहासाच्या भाषणात मांजराचे काय काम? तर सांगतो. अनोळखी मांजराशी ओळख कशी करावी, हा प्रश्न माणसापुढे काही हजार वर्षांपूर्वी पहिल्यांदा आला. ज्यांना तो सोडवता आला, त्यांच्या कणग्या राखल्या गेल्या. आणि आपल्या नाशिक जिल्ह्यात तर असेही दिवस येऊन गेले, की उंदीर आणि मांजर हा विषय पोरखेळाचा राहिला नाही, जिवाशी येऊन ठेपला.

आधी अगदी मुळापासून पाहू. बैल माणसाने पकडला, वेसण घातली, जुवाखाली आणला. शेळ्यामेंढ्या कोंडल्या आणि वाढवल्या. कुत्रा शिकारीच्या मागे मागे आला आणि हुकमात वागायला शिकला. मांजराचे मात्र तसे नाही. मांजराला कुणी पकडून आणले नाही, कुणी वेसण घातली नाही. पश्चिम आशियात माणूस गहू आणि जव पेरू लागला, धान्य साठवू लागला. धान्य साठले तिथे उंदीर आले आणि उंदरांच्या वासाने रानातले मांजर गावाच्या कडेला येऊन बसले. त्याला कुणी बोलावले नव्हते. कुणी हाकलले नाही, एवढेच. आपल्याला वाटते आपण मांजर पाळतो. खरे पाहता, मांजराने आपल्याजवळ राहून पाहिले आणि त्याला ते मानवले.

याचा पुरावा आहे का? आहे. भूमध्य समुद्रात सायप्रस नावाचे बेट आहे. तिथल्या एका प्राचीन वस्तीत फ्रेंच संशोधकांना एक दफन सापडले आणि २००४ साली त्याची हकिकत प्रसिद्ध झाली. सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचे हे दफन. माणसाचा सांगाडा आणि त्याच्यापासून हात-दीड हातावर, मुद्दाम खणलेल्या खड्ड्यात, जेमतेम आठ महिन्यांच्या मांजराचा सांगाडा. त्या बेटावर मूळची मांजरे नव्हती. म्हणजे कुणीतरी ते मांजर, नाहीतर त्याचे आईबाप, होडीत घालून समुद्रावरून नेले होते. पुढे २००७ साली घरची आणि रानटी मिळून सुमारे हजार मांजरांच्या आनुवंशिक घडणीची तपासणी झाली. तेव्हा असे ठरले, की जगातली सारी घरगुती मांजरे मुळात त्याच पश्चिम आशियाच्या बाजूच्या रानमांजराच्या वंशातली आहेत.

म्हणजे आपल्या ओट्यावरची मनी ही आपल्या उसातल्या वाघाटीची किंवा नदीकाठच्या बाऊलाची लेक नव्हे. ती पाहुणी आहे. फार जुनी, आता घरचीच झालेली, पण मूळची पाहुणी.

हा पाहुणा आपल्या देशात आला कधी? सिंधमध्ये चन्हुदडो नावाचे ठिकाण आहे. सिंधू संस्कृतीचे ते एक छोटे नगर. १९३५-३६ साली अर्नेस्ट मॅके यांनी तिथे उत्खनन केले. त्यात एक भाजलेली वीट मिळाली. चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वी कुणी कुंभाराने ती वीट ओली असताना उन्हात वाळत ठेवली असेल. तिच्यावरून एक मांजर पळत गेले आणि पाठोपाठ कुत्रा गेला. दोघांच्या पायांचे ठसे तिच्यावर उमटले. कुंभाराने कपाळाला हात लावला असेल, पण वीट भाजून टाकली. गुरुजी मंडळींना माझे सांगणे आहे, की वर्गात सिंधू संस्कृती शिकवताना मुलांना ही वीट जरूर सांगा. राजेमहाराजांची नावे पोरे विसरतील, ही वीट विसरणार नाहीत.

आता आपल्या बाजूला या. नाशिकला गोदावरीच्या काठी, म्हणजे आपण ज्याला गंगेचा काठ म्हणतो तिथे, जुनी मातीची गढी आहे. १९५०-५१ साली डॉ. ह. धी. सांकळिया आणि डॉ. शां. भा. देव यांनी तिथे उत्खनन केले आणि नाशिकची वस्ती किती प्राचीन आहे हे दाखवून दिले. पांडवलेण्यांत उषवदाताचा शिलालेख आहे. भिक्षूंच्या अन्नाची सोय व्हावी म्हणून त्याने चार हजार कार्षापणांना एक शेत विकत घेऊन दिल्याची त्यात नोंद आहे. म्हणजे पिके होती, साठा होता, व्यापार होता. पैठणकडून निघालेला माल घाट उतरून सोपारा आणि कल्याण या बंदरांकडे जाई, आणि नाशिक त्या वाटांच्या सांध्यावर.

पहिल्या शतकात कुणा ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या एका प्रवासवर्णनात भडोच, सोपारा, कल्याण, पैठण आणि तेर ही सारी नावे येतात. त्या काळी भारताशी व्यापार करणारे इजिप्तचे एक बंदर होते, बेरेनिके. तिथे मिरी सापडली, सागवान सापडले, आपल्याकडची माकडेदेखील पुरलेली सापडली. आणि सापडले पाळीव प्राण्यांचे एक दफनस्थान. पाचशेहून अधिक प्राणी, त्यांत बहुतेक मांजरे, आणि काहींच्या गळ्यात मण्यांच्या माळा! जहाजावर धान्य आले की उंदीर आलेच, आणि उंदीर आले की मांजराला बढती मिळालीच. समुद्रावरची वाट अशी मांजरांच्याही पायाखालची झाली.

आपल्या पूर्वजांना या पाहुण्याची किंमत कळली होती. कौटिल्याचे 'अर्थशास्त्र' तुम्हाला नावाने ठाऊक आहेच. राजाने राज्य कसे चालवावे याचा तो ग्रंथ. त्यात चौथ्या अधिकरणात राष्ट्रावर येणाऱ्या संकटांची यादी आहे. आग, पूर, रोगराई, दुष्काळ, आणि त्यांच्याच पंक्तीला उंदीर. उंदरांचे भय निर्माण झाले तर काय करावे? तर मांजरे आणि मुंगसे सोडावीत. निवडुंगाचा चीक लावलेले धान्य टाकावे. उंदीर मारून आणण्याचा करच लोकांवर बसवावा. आणि या मांजरा-मुंगसांना जो कुणी पकडील किंवा मारील, त्याला बारा पण दंड करावा. कुत्री आवरून न धरणाऱ्यालाही दंड सांगितला आहे.

श्रोतेहो, या कायद्यातला एक शब्द लक्षात ठेवण्यासारखा आहे. मांजरे 'पाळावीत' असे तो म्हणत नाही, 'बांधावीत' असेही म्हणत नाही. शब्द आहे 'उत्सर्ग', म्हणजे सोडणे, मोकळे ठेवणे. राजवाड्यात साप होऊ नयेत म्हणून मांजर, मोर आणि मुंगूस ठेवण्याबद्दल याच ग्रंथात लिहिले आहे, तिथेही हाच शब्द आला आहे. मांजर उपयोगी पडते ते मोकळे असताना. हे त्या शास्त्रकाराला नेमके ठाऊक होते.

पुढे दंडाच्या जोडीला पाप आले. मांजर मारले तर काशीला जाऊन सोन्याचे मांजर दान करावे लागते, ही समजूत आपल्या आज्यांनी सांगितलेली आहे. पाचवी-सहावीला जिची पूजा करतात त्या षष्ठीदेवीचे वाहनही मांजरच. राजाचा बारा पणांचा दंड काळाच्या ओघात बुडाला, पण आजीची भीती टिकली. काही का असेना, मांजराचा जीव वाचला.

महाभारताच्या शांतिपर्वातही एक मांजर आहे. भीष्म ही गोष्ट युधिष्ठिराला सांगतात. एका वडाच्या झाडावर लोमश नावाचा बोका राहतो आणि बुंध्याशी बिळात पलित नावाचा उंदीर. एके दिवशी लोमश पारध्याच्या जाळ्यात सापडतो. पलित खुशीत बाहेर येतो, तर एका बाजूला मुंगूस टपलेले आणि वर फांदीवर घुबड! तेव्हा तो शहाणा उंदीर जाळ्यातल्या बोक्यापाशीच आसरा घेतो. म्हणतो, मला जवळ घे, मी तुझे पाश कुरतडतो. पण शेवटचा पाश तो पारधी अगदी जवळ येईपर्यंत तोडत नाही. सुटल्यावर बोका झाडावर, उंदीर बिळात. मग बोका गोड बोलून मैत्री मागतो. पलित सांगतो, आपले काम होते तोवर मैत्री होती, आता दुरूनच नमस्कार. या गोष्टीतून राजनीती शिकवली आहे हे खरे. पण तिच्यात एक साधे सत्यही आहे. भीती असलेल्या दोघांची मैत्री व्हायची तर प्रत्येकाला पळून जायची वाट मोकळी हवी. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे आपल्याला तिचा उपयोग करायचा आहे.

आता आपल्या जिल्ह्याच्या त्या वाईट दिवसांकडे वळू. सन १८९६. मुंबईत मांडवी भागात, जिथे धान्याची गोदामे होती, तिथे प्लेग सुरू झाला. डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो ओळखला. लोक जिवाच्या भीतीने मुंबई सोडून गावोगाव पळाले आणि रोगही पसरत गेला. पुण्यात रोग्यांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले प्लेगनेच गेल्या. आपल्या जिल्ह्यात भगूरला १८९९ साली दामोदरपंत सावरकर प्लेगने दगावले आणि विनायकराव व त्यांची भावंडे पोरकी झाली. पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत हिंदुस्थानात या रोगाने एक कोटीच्या आसपास माणसे नेली.

त्या काळचा एक शब्दप्रयोग जुन्या माणसांच्या तोंडी होता, 'उंदीर पडू लागले.' आढ्यावरून, वळचणीतून मेलेले उंदीर खाली पडू लागले की लोक समजत, आता गाव सोडायला हवे. भांडीकुंडी, गुरेढोरे घेऊन माणसे शेतात झोपड्या घालून राहत. शास्त्रज्ञांच्या आधी गावकऱ्यांनी उंदीर आणि प्लेग यांची सांगड घातली होती. मधला दुवा मात्र १८९८ साली पॉल लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत शोधला. उंदराच्या अंगावरची पिसू. उंदीर मेला की पिसू उपाशी पडते आणि माणसाला चावते. १९०५ पासून मुंबईला परळच्या प्रयोगशाळेत जे प्रयोग झाले, त्यांनी ही गोष्ट पक्की केली.

मग साहजिकच कुणाच्या तरी मनात आले, की उंदराचा वैरी तो आपला मित्र. अमरावतीकडे काम करणारे एक सरकारी डॉक्टर होते, लेफ्टनंट कर्नल अँड्र्यू ब्युकॅनन. ज्या खेड्यांत मांजरे पुष्कळ, तिथे प्लेग कमी, असे त्यांना वऱ्हाडात दिसून आले. १९०८ साली त्यांनी इंग्लंडच्या एका वैद्यकीय पत्रात लेख लिहून मांडले, की प्लेग टाळायचा तर घरोघरी मांजर हवे. आणि योगायोग पाहा. पुढच्याच वर्षी, १९०९ साली, म्हैसूरला शामशास्त्रींनी कौटिल्याच्या अर्थशास्त्राची हस्तलिखितावरून छापील प्रत काढली. शेकडो वर्षे दिसेनासा झालेला तो ग्रंथ लोकांपुढे आला. वऱ्हाडातला डॉक्टर जे नव्याने सांगत होता, ते त्या पोथीत दोन हजार वर्षे लिहिलेले पडले होते.

पण इथे एक इशारा देणे माझे कर्तव्य आहे. मांजर म्हणजे प्लेगवरची लस नव्हे. मांजरालाही प्लेग होतो, आणि आजारी मांजरापासून तो माणसालाही होऊ शकतो. मांजराचे काम घरात उंदरांचा सुळसुळाट होऊ न देण्याचे. एकदा उंदीर पडू लागल्यावर मांजर काय करणार? १९९३ साली मराठवाड्यात भूकंप झाला आणि पुढच्या वर्षी बीड जिल्ह्यातल्या मामला गावात प्लेगच्या गाठीचे रोगी आढळले. सोडलेल्या घरांतले धान्य आणि त्यावर वाढलेले उंदीर, याची तेव्हा फार चर्चा झाली. म्हणजे ही गोष्ट फक्त पणजोबांच्या काळची नाही.

आणि दुसरी अडचण ब्युकॅननसाहेबांच्या मसलतीतच होती. घरोघरी मांजर हवे, हे कागदावर ठीक. पण मांजर हुकमाने येत नाही आणि हुकमाने राहतही नाही. पोत्यात घालून आणलेले मांजर तोंड सोडताच पसार होते, हे शेंबडे पोरही सांगेल. मांजर हवे असेल तर त्याला स्वतःहून यावेसे वाटले पाहिजे.

आमच्या घरात पणजीची एक आठवण पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. प्लेगच्या एका वर्षी सारे कुटुंब गाव सोडून मळ्यात झोपडीत राहायला गेले. घराला कुलूप. मांजरी मात्र आली नाही, ती घराशीच राहिली. चार महिन्यांनी मंडळी परतली तेव्हा ती परसातल्या भिंतीवर होती. पण ओळख विसरल्यासारखी. हाक मारली की मागे सरे. मुलांनी धरायला बघितले, ती छपरावर गेली. पणजीने मुलांना दटावले. "तिला बोलावू नका, ती येईल तिची." आणि स्वतः अंगणात पाठमोरी बसून सुपात बाजरी पाखडू लागली. पहिल्या दिवशी मांजरी भिंतीवरच राहिली. दुसऱ्या दिवशी तुळशीपर्यंत आली. तिसऱ्या दिवशी येऊन सुपाच्या कडेला गाल घासला. पणजीने तरी मान वळवली नाही म्हणतात. घरात त्या वर्षी दोन माणसे कमी झाली होती. त्या दिवशी पणजी पहिल्यांदा हसली, एवढे सांगून आमची आजी गोष्ट संपवीत असे.

पणजीला अक्षरओळख नव्हती. पण तिने जे केले तेच आज शास्त्र सांगते. १९८८ साली स्वित्झर्लंडमध्ये झुरिक इथे दोघा अभ्यासकांनी अनोळखी माणसे आणि मांजरे यांची पहिली भेट कशी होते ते बारकाईने पाहिले. मुले, त्यांतही मुलगे, थेट चालून जात आणि मांजर दूर पळे. मोठी माणसे आधी बोलत, थांबत, आणि मांजराला येऊ देत. आणि २०२० साली इंग्लंडमधल्या ससेक्स व पोर्टस्मथ विद्यापीठांच्या अभ्यासकांनी आणखी एक गंमत दाखवली. अनोळखी माणसाने मांजराकडे पाहत डोळे हळूच अर्धवट मिटले, पुन्हा उघडले, पुन्हा मिटले, आणि मग हात पुढे केला, तर मांजर जवळ येण्याचा संभव वाढतो. टक लावून पाहणे ही मांजरांच्या राज्यात भांडणाची नांदी असते. डोळे मिटणे म्हणजे 'माझी तुला भीती नको, मलाही तुझी नाही.' मांजर डोळे मिटून दूध पिते म्हणून आपण त्याला लबाड ठरवून मोकळे झालो. पण मिटलेले डोळे ही त्याची विश्वासाची भाषा आहे!

तेव्हा आता त्या भिंतीवरच्या मांजराकडे परत येऊ. काय करायचे ते क्रमाने सांगतो.

पहिले, उभे राहू नका, खाली बसा. उभा माणूस मांजराला ताडाएवढा दिसतो. दुसरे, थोडे तिरपे बसा, टक लावू नका, डोळे हळू मिटा-उघडा, हलक्या आवाजात दोन शब्द बोला. तिसरे, त्याची पळायची वाट अडवू नका. पलिताची गोष्ट आठवा. वाट मोकळी दिसली तरच ते थांबेल. चौथे, ते दोन पावले पुढे आले तर हात खाली ठेवून एक बोट पुढे करा. ते हुंगेल. नाक लावून त्याने गाल घासला तर समजा, त्याने तुमचे नाव लिहून घेतले. मग गालावर, कानामागे, हनुवटीखाली हलके खाजवा. पोटाला हात लावू नका, शेपटी धरू नका, उचलू तर मुळीच नका. शेपटी उभी धरून आले तर ते खुशीत आहे. शेपटी फटकारू लागले, कान मागे गेले, तर आपण हात मागे घ्यावा. पाचवे, आज नाही आले तर नाही. उद्या त्याच वेळी, त्याच जागी, थोडा भाकरीचा काला, मासळीचा तुकडा आणि स्वच्छ पाणी ठेवा आणि बाजूला व्हा. दूध पुष्कळशा मोठ्या मांजरांना पचत नाही, म्हणून पाणीच बरे. घरात मांजरीने पिले घातली असतील, तर दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात त्यांना माणसांचा हळुवार हात लागू द्या. त्या वयात ओळख झाली तर ती जन्मभर पुरते. ते वय उलटले की मग फार सबुरी लागते.

आता चार गोष्टी सावधगिरीच्या. मांजर चावले किंवा ओरबाडले तर जखमेला हळद, चुना, तिखट लावत बसू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन दाखवा. पिसाळण्याचा रोग मांजरापासूनही होतो, आणि एकदा लक्षणे दिसू लागली की त्यावर इलाज नाही. लस वेळेवर घेतली तर मात्र भय नाही. आजारी, लाळ गाळणाऱ्या, विचित्र वागणाऱ्या मांजराजवळ जाऊच नका. आणि उंदरांसाठी विष घालाल तर ध्यानात ठेवा, विष खाल्लेला उंदीर खाऊन मांजरही मरू शकते. आपलाच राखणदार आपणच मारायचा, ही कुठली शेती?

शेवटची सावधगिरी नाशिकच्या शेतकऱ्याला मुद्दाम सांगतो. निफाड, दिंडोरी, सिन्नर या बाजूला ऊसतोड सुरू झाली की फडात मांजराएवढी ठिपक्यांची पिले सापडतात. कधी ती बिबट्याची असतात, कधी वाघाटीची. वाघाटी म्हणजे जगातल्या सर्वांत लहान रानमांजरांपैकी एक. पुरती वाढलेली मादीसुद्धा जेमतेम किलो-सव्वा किलोची. ही पिले मांजराची समजून पोरे घरी आणतात, दूध पाजतात, माया करतात. पण ही माया अघोरी ठरते. पिलू आईला मुकते, आणि बिबट्याची आई असेल तर ती शोधत फिरते ते आपल्याच वस्तीभोवती. वाघाटीला आणि बिबट्याला दोघांनाही १९७२ च्या कायद्याने संरक्षण आहे, त्यांना घरी ठेवणे गुन्हा आहे. पिलू दिसले की हात लावू नका, त्या भागातली तोड थांबवा, माणसे मागे घ्या आणि वनखात्याला कळवा. पिले सापडली तिथेच सांजेला ठेवली की आई येऊन एकेक उचलून नेते. अशी किती पिले वनखात्याच्या माणसांनी आपल्या जिल्ह्यात आयांना परत दिली आहेत. सगळीच मांजरे आपल्याकडे येण्यासाठी नसतात. काहींच्या बाबतीत मैत्री म्हणजे दूर राहणे.

गुरुजनांना एक सुचवतो. शाळेच्या आवारात कुठले ना कुठले मांजर येतेच. आठवडाभर मुलांना ते फक्त पाहायला सांगा. कधी आले, किती अंतरावर बसले, शेपटी कशी होती, कोण जवळ गेल्यावर पळाले, कोणाजवळ थांबले. वहीत तारीखवार लिहू द्या. निसर्गाचा अभ्यास होईल, लेखन होईल. आणि जो सगळ्यांत दांडगा मुलगा आहे, त्यालाही कळेल की जवळ यायला लावण्याचा मार्ग धावून जाण्याचा नव्हे.

पेवे गेली, बळदे गेली, कणग्या आता थोड्याच घरांत उरल्या. धान्य पत्र्याच्या कोठ्यांत गेले. पण उंदीर गेले नाहीत, आणि मांजराचा करारही मोडलेला नाही. साडेनऊ हजार वर्षांपूर्वी सायप्रसच्या माणसाशी झाला, तोच तो करार. त्यात मांजराची अट एकच आहे. मी येईन, पण माझ्या पायांनी.

तेव्हा आज संध्याकाळी भिंतीवर कुणी अनोळखी पाहुणा दिसला, तर 'शुक शुक' करू नका आणि धावूही नका. आपले सूप घ्या, निवडायचे पाखडायचे काम घ्या, पाठमोरे बसा. आला तर आपला. नाही आला तर उद्या आहेच.